चार तासांची चार शून्यं

मास्तर कधी कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. मोठ्या सबस्टेशनात ऑपरेटर म्हणून लागले आणि एकतीस वर्षं त्याच कंट्रोल रूममध्ये काढली. मास्तर हे नाव पडलं ते लाल पेनामुळे. शिफ्ट ताब्यात घेताना आधीच्या माणसाचं लॉगशीट ते डोळ्यांजवळ धरून वाचायचे, आणि कुठे रकाना सुटला, कुठे आकड्यावर आकडा गिरवला, की तिथे लाल गोल काढून ठेवायचे. हा अधिकार त्यांना कुणी दिलेला नव्हता. त्यांनी तो आपला आपणच घेतला होता. साहेब येत गेले, बदलून जात गेले, पण तो काढून घ्यायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

आता निवृत्तीला अकरा महिने उरले होते. गुडघे कुरकुरत होते. आईच्या शेवटच्या आजारपणात झोपेची जी मोडतोड झाली, ती आई जाऊन दोन वर्षं झाली तरी दुरुस्त झाली नव्हती. माणूस थकला होता, आणि थकण्याचीही सवय होते, तशी ती त्यांना झाली होती.

लॉगशीट म्हणजे एक लांबरुंद कागद. आडव्या चोवीस ओळी, चोवीस तासांच्या. उभे रकाने लोडचे, व्होल्टेजचे, तापमानांचे. बहुतेक आकडे आतल्या पॅनलवरच दिसतात, मान वळवली की काम झालं. एकच रकाना असा होता, की त्यासाठी बूड हलवावं लागायचं. दोन नंबरच्या ट्रान्सफॉर्मरचा न्यूट्रल, म्हणजे त्याला जमिनीशी जोडणारी तार, जिथे जमिनीत उतरते, तिथे एक छोटा मीटर बसवलेला होता. हेल्मेट चढवायचं, यार्डातल्या खडीतून दीडशे पावलं जायचं, काचेत डोकावायचं आणि परत यायचं. काचेत काय दिसायचं? शून्य. काल शून्य, आज शून्य, भर उन्हात शून्य, थंडीत शून्य. वर्षाकाठी एखाद्या वेळी एक अँपिअर.

असल्या रकान्याला या धंद्यात एक रोग जडतोच. त्याला खुर्चीवरचं रीडिंग म्हणतात. जायचं नाही, बघायचं नाही, वरच्या ओळीत आहे तेच खाली उतरवायचं. सगळे करतात. करताना कुणी लाजत नाही आणि केल्यावर कुणी बोलत नाही. मास्तर मात्र करत नसत, आणि दुसऱ्यालाही करू देत नसत. सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच शिफ्टमधल्या जोडीदाराने तीन तासांची शून्यं एका दमात भरलेली त्यांनी पाहिली आणि सरळ वर लेखी कळवून टाकलं. जोडीदाराची बढती दोन वर्षं लटकली. त्यानंतरही दोघं एकाच शिफ्टला राहिले, कारण या खात्यात बदली नको असली की मिळते आणि हवी असली की मिळत नाही. त्यांचं बोलणं चालू होतं. कामापुरतं असलं तरी बोलणं ते बोलणंच.

अशा या सबस्टेशनात एका सकाळी केंद्रीय कार्यालयातून मॅडम आल्या. वय तिशीच्या आतबाहेर, पाठीवर बॅग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. गेले तीन आठवडे त्या देशभरातली सबस्टेशनं पालथी घालत होत्या. काम होतं सूर्याच्या वादळाचं. हे ऐकून जोडीदार हळूच म्हणाला, "उद्या पाऊस पडेल का ते यांना सांगता येत नाही, आणि निघाले सूर्यावरचं वादळ बघायला." मास्तरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मीटर बसवला तेव्हा, आठ वर्षांपूर्वी, आलेल्या माणसाने हा सगळा प्रकार त्यांना एकट्यालाच समजावून सांगितला होता, कारण एकट्यानेच विचारलं होतं.

मॅडमनी तो पुन्हा एकदा सांगितला. सूर्यावर मोठा भडका उडतो. त्यातून निघालेला लोट एक-दोन दिवसांत पृथ्वीपाशी पोचतो आणि तिचं चुंबकत्व हलवून सोडतो. माणसाला काही जाणवत नाही, झाडाचं पान हलत नाही. पण शेकडो किलोमीटर लांबीच्या लाइनींना ते कळतं. जमिनीतून एक सरळ, हटवादी करंट उठतो आणि न्यूट्रलच्या वाटेने ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरतो. ट्रान्सफॉर्मरला सवय मागेपुढे होणाऱ्या करंटची. या सरळ करंटने त्याचा श्वास कोंडतो, तो आतल्या आत तापतो, आणि फारच झालं तर जळतो. नवा बनून यायला दोन वर्षं.

"म्हणून आता यादी करतोय," मॅडम म्हणाल्या. "वादळाचा इशारा आला की पहिल्या यादीतल्या ट्रान्सफॉर्मरवरचा लोड आधी काढायचा. न्यूट्रलवर हा करंट अडवणारं यंत्रही त्यांनाच बसणार. यंत्रं यंदा सगळ्या देशात मिळून नऊच आहेत. म्हणून कोणाला खरंच गरज आहे ते नीट ठरवायला लागतंय."

"मग आमचा दोन नंबर?" मास्तरांनी विचारलं. दोन नंबर चौतीस वर्षांचा होता. अर्धं शहर, मोठं हॉस्पिटल आणि पाण्याचे पंप त्याच्या जिवावर चालायचे.

"तुमचा दोन नंबर वाचला!" मॅडम पहिल्यांदाच हसल्या. "आणि तो तुमच्यामुळे वाचला, हं. अकरा ठिकाणी असे मीटर बसवले होते. कुठे मीटर बंद, कुठे केबल उंदरांनी खाल्ली, कुठे कॉम्प्युटरच गेला आणि त्याच्याबरोबर सगळ्या नोंदी. आठ वर्षांची सलग नोंद फक्त तुमची, ती पण हाताने लिहिलेली. तीन वर्षांपूर्वी मोठं वादळ आलं होतं, सतरा तारखेला दुपारी. इतक्या वर्षांत एवढं मोठं दुसरं नाही. त्या वेळी तुमचं रीडिंग शून्य आहे. म्हणजे तुमच्या खालची जमीन हा करंट वर येऊच देत नाही. तापमान तेवढं चार डिग्रीने चढलेलं दिसतं, पण न्यूट्रल शून्य म्हटल्यावर तो उन्हाचाच परिणाम. तेव्हा दोन नंबर यादीतून बाहेर. याच लाइनवरची आणखी तीन स्टेशनंही बाहेर."

त्यांनी लॉगशीटचा फोटो पुढे केला. चार, पाच, सहा, सात या चार ओळींत चार शून्यं. चारही एकाच मापाची, एकाच तिरकेपणाची. खाली मास्तरांची सही.

दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण शून्य कसं निघालंय यावरून माणूस उठून आलाय की बसून होता ते मास्तरांना कळायचं. चालून आलेल्या माणसाचा हात जरा हलतो. ही शून्यं अगदी स्थिर होती.

"तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असती तर माझं काम आठ दिवसांत संपलं असतं," मॅडम म्हणाल्या.

मास्तर "हं" म्हणाले. मॅडमना वाटलं, माणूस संकोची आहे.

ती तारीख मास्तर विसरणं शक्य नव्हतं. आदल्या दिवशी आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं होतं. खुब्याचं हाड मोडलेलं, ऑपरेशन झालेलं, रात्रभर दर अर्ध्या तासाने हाक. बायकोने आईची एक कूस बदलायची, यांनी दुसरी. महिनाभर हॉस्पिटलच्या बाकावर काढलेला, त्यात ही रात्र. दुपारी दोनच्या शिफ्टला मास्तर आले ते पायांवर उभे होते एवढंच. तीनचं रीडिंग त्यांनी जाऊन घेतलं. शून्य. चारला उठायचा प्रयत्न केला आणि पाय उठेनात. तेव्हा त्यांनी पेन घेतलं, चार ओळींत चार शून्यं लिहिली आणि टेबलावर डोकं टेकलं. एकतीस वर्षांत एकदा. झोपेत त्यांना दोन नंबरचा आवाजही ऐकू आला होता. नेहमीची घुमणारी एकसुरी गुणगुण नव्हे, तर खरखरीत, घसा बसल्यासारखी. त्यांना वाटलं लोड वाढला असेल, आणि त्यांनी कानावर हात ठेवून तोंड दुसरीकडे वळवलं.

संध्याकाळी त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता ऐकत राहिली.

"तुम्हाला कुणी विचारलंय का?" ती म्हणाली.

"नाही."

"मग? अकरा महिने राहिलेत. त्या दिवशी तुमची काय दशा होती ते मी पाहिलंय. माणूस होतात तुम्ही, मशीन नव्हतात."

"अगं, पण मशीन जळेल ना."

"जळेल कशावरून?"

"नाही जळणार कशावरून? माझ्या शून्यावरून. आणि ते शून्य मी बघितलेलंच नाही."

तिने निवडलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "जोडीदाराचं तुम्ही जे केलंत, तेव्हा मी सांगितलं होतं तोंडी समज द्या म्हणून. आता त्यांच्यासमोर कसं सांगणार आहात, ते बघा." हे बोलणं मास्तरांना झोंबलं, कारण दिवसभर त्यांच्या मनात ट्रान्सफॉर्मरच्या बरोबरीने तेच चाललं होतं. शहराची काळजी होतीच. पण लाज जास्त होती.

"आणि सांगायचंच असेल तर उद्याच सांगून टाका," ती पुढे म्हणाली. "नाहीतर रात्ररात्र येरझाऱ्या घालाल आणि माझीही झोप जाईल. आधीच खूप गेली आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळची शिफ्ट होती. मॅडम दहाला येऊन बारा वाजता निघणार होत्या. आठच्या सुमाराला चहा पिताना मास्तर जोडीदाराला म्हणाले, "त्या सतराच्या दुपारी तूही होतास ना रे?"

जोडीदाराने कप खाली ठेवला. "होतो."

"मी झोपलो होतो."

"माहीत आहे."

"चार शून्यं खुर्चीवरून लिहिली."

"तेही माहीत आहे. मी पलीकडेच बसलो होतो, मास्तर. पेन चालताना बघितलं." त्याने खिडकीबाहेरच्या यार्डाकडे बोट केलं. "पाचच्या सुमाराला आवाज बदलला म्हणून मी यार्डात गेलो होतो. मीटरवर एकोणीस होतं."

"एकोणीस? आणि तू मला उठवलं नाहीस?"

"कशाला उठवू? शीटवर पाचचं शून्य तयार होतं, सहाचंही होतं, खाली तुमची सही. मी ते खोडून एकोणीस लिहिलं असतं, तर उद्या माझ्याच नावाने लाल गोल आला असता. एकदा अंगाशी आलेलं होतं. परत आत आलो, तापमान बघत बसलो. साडेसहानंतर उतरलं. म्हटलं, टळलं." मग तो चिडून म्हणाला, "आणि खरं सांगू? मजाही वाटली. मास्तरांचं खुर्चीवरचं रीडिंग! तीन वर्षं मी वाट बघितली होती त्या दिवसाची. पण तुम्ही टेबलावर असे पडला होतात, की कुणाला सांगायची इच्छाच झाली नाही."

मास्तरांना त्या क्षणी जोडीदाराचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मग दोन्ही रागांचा कंटाळा आला.

"आता बोलू नका," जोडीदार म्हणाला. "मी मॅडमना सांगतो, तो मीटर मधूनमधून अडकायचा. मीटरवर ढकलून देऊ. मीटरला कुठे निवृत्त व्हायचंय?"

ही वाट खरोखरच सोयीची होती. मास्तरांनी ती मनातल्या मनात चालूनही पाहिली. पण मीटर अडकायचा म्हटलं, तर मॅडम मीटर तपासायला पाठवणार, तो ठणठणीत निघणार, आणि तोवर यादी होऊन जाणार. नऊ यंत्रं नऊ ठिकाणी बसून जाणार. त्यांनी मान हलवली.

मॅडम आल्या तेव्हा मास्तर उभेच होते. बसून सांगणं त्यांना बरं वाटेना. "सतरा तारखेची चारही रीडिंग मी घेतलेली नाहीत," ते म्हणाले. "बसल्या जागी लिहिली. त्या वेळी मी झोपलो होतो. पाच वाजता प्रत्यक्षात एकोणीस होतं. यांनी पाहिलंय."

मॅडमनी जोडीदाराकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. मॅडमनी फोटो पुन्हा काढला, शून्यांकडे पाहिलं, तापमानाच्या रकान्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून कपाळ चोळलं. "चार डिग्री," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "ऊन नव्हतं तर."

"नव्हतं."

"दोन नंबर पहिल्या यादीत जाईल. एकोणीस फार होतं हो. नशीब तुमचं, तो त्या दिवशी टिकला. बाकीच्या तीन स्टेशनांचा हिशोबही आता नव्याने करायला लागेल." त्या रागावल्या नव्हत्या, आणि ते मास्तरांना जास्त जड जात होतं. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "असं आणखी कधी?"

"नाही. तेवढ्या एकाच दिवशी."

"मला खरं वाटतं," मॅडम म्हणाल्या. "पण समितीला मी काय सांगू? ज्या दिवसासाठी आठ वर्षं मीटर ठेवला, नेमक्या त्याच दिवशी नोंद खोटी निघाली. बाकीच्या दिवसांची खरी कशावरून? त्या दिवसांना कुणी साक्षीदार नाही. शून्यासमोर शून्यच आहे सगळीकडे."

रोज खडीतून दीडशे पावलं जाणं आणि दीडशे पावलं परत येणं. भर पावसात, तापात, गुडघ्याला पट्टी बांधून. ते शून्य खरं होतं हे त्यांना माहीत होतं, पण त्या चार शून्यांपेक्षा ते वेगळं दिसत नव्हतं. कागदावर दोन्ही सारखीच होती. दुसऱ्या कुणाचं शीट असतं, तर मास्तरांनीही मॅडमसारखंच केलं असतं, आणि लाल पेनाने केलं असतं.

"तुम्हालाच लिहून द्यावं लागेल," मॅडम म्हणाल्या. त्यांनी मजकूर सांगितला, मास्तरांनी लिहिला. या सबस्टेशनच्या न्यूट्रल करंटच्या आठ वर्षांच्या सर्व हस्तलिखित नोंदी विश्वासार्ह नसल्याने अभ्यासात धरू नयेत. अक्षर सुरेख आलं. सही करताना मात्र त्यांना चष्मा काढून पुसावा लागला. मॅडम खिडकीबाहेर बघत राहिल्या. निघताना त्या मास्तरांना नमस्कार करून गेल्या, पण तुमच्यासारखी माणसं वगैरे काही म्हणाल्या नाहीत.

वरून कारवाई झाली नाही. निवृत्तीला आलेल्या माणसावर कागद काळे करायला कुणाला वेळ असतो? एक समजपत्र आलं आणि महिनाभराने एक परिपत्रक, ज्यात खुर्चीवरच्या रीडिंगचं उदाहरण म्हणून त्याच चार शून्यांचा उल्लेख होता. ते मास्तरांनी दोनदा वाचलं, घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि त्या दिवशी जेवणाचा डबा तसाच परत नेला. बायकोने कारण विचारलं नाही.

पाच महिन्यांनी एका दुपारी तीन वाजता कुठल्या लाइनवर किती लोड जायचा ते ठरवणाऱ्या लोड डिस्पॅच केंद्राचा फोन वाजला. सूर्याकडून काहीतरी निघालं होतं. फार मोठं नाही, पण पहिल्या यादीसाठी इशारा होता. दोन नंबरवरचा लोड उतरवायचा होता. यंत्र अजून बसायचं होतं. फोनवरून सांगितलेलं सगळं मास्तरांनी पायरीपायरीने केलं, लोड दुसऱ्या लाइनींवर गेला, शहरात एक दिवाही लुकलुकला नाही. मग ते हेल्मेट घालून यार्डात गेले. मीटरवर सात होतं. आठ वर्षांत स्वतःच्या डोळ्यांनी एकाहून मोठा आकडा ते पहिल्यांदाच बघत होते. ते तिथे जरा जास्तच वेळ उभे राहिले. सात होतं, सातच होतं. आत येऊन त्यांनी फोन उचलला.

"न्यूट्रल सात," ते म्हणाले.

"कोण बोलतंय?" पलीकडून विचारणा झाली. आवाज कोवळा होता, नुकताच नोकरीला लागलेल्या माणसाचा.

मास्तरांनी नाव सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"सर, रागावू नका," तो आवाज अवघडून म्हणाला. "इथे तुमच्या स्टेशनच्या नावापुढे लिहिलंय, की तुम्ही दिलेलं रीडिंग दुसऱ्या माणसाने बघून सांगितल्याशिवाय घ्यायचं नाही. आहे का कुणी तिथे?"

"आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर टेबलावर ठेवला.

जोडीदाराने सगळं ऐकलं होतं. "त्याला सांगतो, तुम्ही सांगितलंत ते बरोबर आहे म्हणून," तो म्हणाला. "आत्ताच तर बघून आलात. मी काय वेगळं बघणार आहे?"

"नाही," मास्तर म्हणाले. "उठ. जाऊन बघून ये."

जोडीदार गेला. मास्तर खिडकीतून त्याला खडीतून चालताना, वाकताना, परत वळताना बघत राहिले. त्याला पाच मिनिटं लागली. आत येऊन त्याने मास्तरांकडे न बघता फोन उचलला, "सात" म्हणाला, आणि लॉगशीट आपल्याकडे ओढून रकान्यात सात लिहिलं. त्याचा हात जरा हलला होता.